हरकत नाही!

मराठी माणूस दिवसातून किती वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो, याची मोजदाद कुणी केली आहे काय? पाहुणे तासभर उशिरा येतात; हरकत नाही. चहात साखर कमी पडते, हरकत नाही. बसमध्ये शेजारचा गृहस्थ आपले वर्तमानपत्र न विचारता ओढून घेतो आणि नेमके आपण वाचत होतो ते पान उलटतो, तरीसुद्धा ओठ मुडपून आपण म्हणतो ते हेच! पण इतक्या वेळा जी नसते, ती हरकत प्रत्यक्षात असते तरी कशी, हे बघण्याचा योग फार थोड्यांना येतो. मला तो आला, आणि तोही माझ्या मामांमुळे.

मी मराठीचा मास्तर. शब्द भेटला की त्याचे कुळ-मूळ विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. ‘हरकत’ हा पाहुणा मूळचा अरबी. त्याच्या मुलखात त्याचा अर्थ हालचाल, गती. उर्दूत आजही तो हालचालच दाखवतो. आपल्या गवयांनीही त्याचे मूळ थोडेसे राखले आहे. ठुमरी गाताना गळा अवचित एक नाजूक वळण घेतो आणि आपण ‘वाहवा’ म्हणतो, ती हरकतच. व्यवहारातल्या मराठीत मात्र या शब्दाने जोडे काढले आणि तो दारातच आडवा बसला. चालण्याचा शब्द अडण्याचा झाला! आणि गंमत पाहा, रस्ते आखणाऱ्या, म्हणजे माणसांना चालते करू पाहणाऱ्या सरकारी कागदावर त्याला मानाचे पान मिळाले : ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मामांचा फोन आला. मामा सत्तरीचे. पुण्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर त्यांची शेती. “काय रं, आपल्या विहिरीवरनं रस्ता गेलाय म्हणं.”

“कधी?” मी घाबरून विचारले.

“अजून कागदावरच गेलाय. पण कागदावर गेला म्हंजी गेलाच की! तू पुस्तकं शिकवतोस न्हवं? मग एक अर्ज लिहून दे.”

गावाभोवतालच्या साऱ्या टापूचा आराखडा तयार झाला होता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम १९६६ सालचा. त्यातली तरतूद अशी की, आराखड्याचे प्रारूप तयार झाले की ते लोकांपुढे ठेवायचे, ठरावीक मुदतीत त्यांचे म्हणणे लेखी घ्यायचे, नियोजन समितीने ते तोंडीही ऐकायचे आणि मगच आराखडा शासनाच्या मंजुरीला पाठवायचा. साठ वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी सामान्य माणसासाठी हे एक दार उघडे ठेवले, याचे मला कौतुक वाटते. पण दार कोणत्या भिंतीत आहे, हे त्या माणसाला कोण सांगणार?

मामांना घेऊन मी नकाशा पाहायला गेलो. पिवळा रंग म्हणजे वस्ती, हिरवा म्हणजे शेती, जांभळा म्हणजे कारखाने. रांगोळीच्या पुस्तकासारखा तो कागद पाहून मामा प्रथम खूश झाले. मग चष्मा पुसून त्यांनी विचारले, “ह्याच्यात म्हसोबा कुठाय?” म्हसोबा नव्हता. मामांना त्यांचा गट नंबर पाठ, पण नकाशावरच्या त्या मुंग्यांएवढ्या आकड्यांत तो सापडेना. अखेर त्यांनी ओढ्याचे वळण धरले, बोट हळूहळू सरकवीत नेले आणि एका जागी थांबवले. “ही आपली विहीर.” त्या बोटाखालून चोवीस मीटर रुंदीच्या रस्त्याच्या दोन समांतर रेषा गेलेल्या होत्या.

ती विहीर माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खणली. मामा तेव्हा दगड वाहायला होते. त्या विहिरीच्या पाण्यावर माझ्या आईचे लग्न झाले, असे आमच्या घरात म्हणतात. तेव्हा ‘विहीर वाचवा’ असा अर्ज लिहायला माझा हात शिवशिवायला हवा होता. पण खरे सांगायचे तर मला तो रस्ताही हवा होता. माझ्या वर्गात त्याच बाजूच्या गावांतून मुले येतात. एसटीची एक फेरी चुकली की त्यांचा पहिला तास बुडतो. तिसऱ्या बाकावर बसणारी एक हुशार मुलगी होती. संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नाही, घरी पोचायला अंधार पडतो, म्हणून तिच्या वडिलांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला परत पाठवलेच नाही. रस्ता झाला असता, त्यावरून वेळेवर बस धावली असती, तर ती आज पदवीधर असती. एका बाजूला आजोबांची विहीर आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी. या दोहोंच्या मध्ये माझे पेन अडकून राहिले.

मामांनी ते ओळखले. “तुला रस्ता पायजे का नको?” त्यांनी सरळच विचारले.

“पाहिजे,” मी म्हणालो.

“मलाबी पायजे,” मामा शांतपणे म्हणाले. “पण त्यो हितनं न्हाय.”

आणि मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी पेन खाली ठेवले. ज्या काठाने रस्ता आखला होता, तिथे मोठ्या पावसात ओढा पात्र सोडून वर चढतो. आखणाऱ्याने तो बहुधा उन्हाळ्यात पाहिला असावा. उलट चार शेतांपलीकडे दोन गावांच्या शिवेवरून बैलगाडीचा जुना शिवरस्ता जातो. तो उंचावर आहे आणि कधी बुडत नाही. तो रुंद करायचा तर दोन्हीकडच्या प्रत्येकाने थोडी थोडी पट्टी द्यावी. कुणाचीच विहीर जात नाही, कुणाचेच शेत सबंध जात नाही. “हे लिही,” मामा म्हणाले, “आन् फकस्त माझ्या नावानं नगं. सगळ्यांच्या सह्या घेऊ.”

त्या रात्री मी सरकारी शीर्षकाकडे पुन्हा नीट पाहिले. ‘हरकती व सूचना’. आम्ही शिकलेली माणसे पहिल्या शब्दापाशीच थांबतो; मामा दुसऱ्यापर्यंत गेले होते.

शहरातले आपणही पहिल्याच शब्दाचे भक्त. पुण्याच्या जुन्या हद्दीचे विकास आराखड्याचे प्रारूप २०१३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. पुणेकर या नात्याने माझी छाती अभिमानाने फुगली. नंतर मी हिशेब मांडला तेव्हा ती पुन्हा जागेवर आली. प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची आणि रोज आठ तास सुनावणी चालवायची ठरवली, तर नऊशेहून अधिक दिवस लागतील! मग ऐकणारा काय ऐकणार आणि बोलणारा काय बोलणार? तो आराखडा पुढे शासनाने आपल्या हाती घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. मुंबईची कथा आणखी निराळी. तिथले २०१५ चे प्रारूप चुकांनी इतके भरलेले निघाले, की लोकांचा गिल्ला झाल्यावर शासनाने ते बाजूला सारायला लावले. सुधारलेले प्रारूप २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे ठेवावे लागले. आधी कागद रंगवायचा आणि मग लोकांना विचारायचे, हा क्रम उलटाच आहे. मुलीचे लग्न ठरवून, पत्रिका छापून, मग तिला ‘तुझी काही हरकत?’ असे विचारण्यासारखा!

हा क्रम सुलटा असू शकतो, हे शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने दाखवून दिले होते. दिवाळी आहे म्हणून त्याची दिवाळीचीच गोष्ट सांगतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढे १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचा हेका एकच : आराखडा काढण्याआधी गल्लीबोळांतून पायी हिंडा, माणसे पाहा. होळकरांच्या इंदुरात तो नगररचनेचे काम करू लागला तेव्हा शहराला प्लेगने ग्रासले होते आणि नकाशा घेऊन फिरणाऱ्या या गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहत होते. त्याने काय करावे? दिवाळीत एक थोरली मिरवणूक निघेल, असे जाहीर केले. मात्र तिचा मार्ग ठरलेला नाही. ज्या आळीतली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ होतील, त्या आळीतून ती जाईल! झाले. जो तो झाडू घेऊन उठला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि त्यांच्याबरोबर स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले झाडूवाले सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचेही दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. गेडिसचा इंदूरवरचा अहवाल १९१८ साली छापला गेला. पण तो छापण्याआधीच इंदूरकरांनी आपापल्या आळीत आराखड्याचे पहिले पान झाडूने लिहिले होते.

आणि न विचारल्यास काय होते, तेही आपल्या घरातच पाहायला मिळते. मुंबईच्या खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. कल्पना मोठी देखणी होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन त्या शहरासाठी घ्यायचे ठरले. पण खाडी ओलांडून आगगाडी वाशीला पोचली १९९२ साली. शहर आधी आणि गाडी बावीस वर्षांनी! त्याहून जड किंमत गावांनी मोजली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १९८४ च्या जानेवारीत उरण भागात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जण प्राणांस मुकले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. जी गोष्ट चावडीवर बसून बोलायची, ती रस्त्यावर रक्त सांडल्यावर ऐकली गेली.

आता मामांच्या अर्जाचे काय झाले ते सांगतो. एकेचाळीस सह्या जमल्या. त्यांत सात अंगठे होते. सुनावणीच्या दिवशी मामा धुतलेले धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. आमची पाळी दुपारी आली. “हरकत आहे की सूचना?” समोरून विचारणा झाली. “दोन्ही,” मामा म्हणाले. नोंदवहीत रकाना एकच असावा. लिहिणाऱ्याने क्षणभर विचार केला आणि ‘हरकत’ असे लिहिले. मामा ओढ्याच्या पाण्याविषयी बोलू लागले. ते पाणी शिवरस्त्यापर्यंत पोचते न पोचते, तोच पुढचे नाव पुकारले गेले.

पुष्कळ महिन्यांनी निर्णय कळला : ‘अंशतः मान्य.’ रस्त्याची रेषा विहिरीवरून हलवली होती. मी आनंदाने मामांना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाज येईना. मग ते म्हणाले, “कुठं सरकवली?”

मी पाहिले. रेषा शिवरस्त्याकडे गेलीच नव्हती. ती साठ-सत्तर पावले सरकली होती, आणि मामांच्या बांधाला बांध लागून असलेल्या एका विधवा काकूंच्या दीड एकराच्या तुकड्यातून आरपार निघाली होती. त्यांची सारी मिळकत तेवढीच.

“हीर वाचली,” मामा म्हणाले, “पण आता त्या हिरीचं पाणी मला गोड कसं लागंल?”

दुसऱ्याच दिवशी मामा पुण्याला आले. आराखड्यात मोठा बदल केला, तर तो पुन्हा प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. ती मुदत चालू होती. मामा माझ्या टेबलापाशी बसले आणि त्यांनी स्वतःच्या वाचलेल्या विहिरीविरुद्ध अर्ज सांगायला सुरुवात केली. आमच्या सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला. तो निवून गेला तरी मामांचे त्याकडे लक्ष नव्हते. “लिही. बदल रद्द करावा. रेषा कुणाच्याबी वावरावर ढकलू नगा. शिवंवरनं रस्ता न्या. त्यात माझी बी पट्टी जातीय, ती द्यायला माझी…” इथे ते थांबले, शब्द शोधू लागले.

“हरकत नाही?” मी विचारले.

“व्हय. तेच लिही.”

सव्वीस वर्षे खडू झिजवूनही या दोन शब्दांचा इतका भारदस्त उपयोग मी कुठल्या पुस्तकातून शिकवलेला नाही. त्या अर्जावर या खेपेला त्रेपन्न सह्या आहेत. अगदी वर काकूंचा अंगठा आहे. निकाल अद्याप आलेला नाही. शिवरस्त्याच्या कडेने मात्र मामांनी आणि शेजाऱ्यांनी आपापल्या हद्दीतली बाभळीची झुडपे गेल्या उन्हाळ्यातच तोडून टाकली आहेत. बस यायची झालीच, तर तिला वाट असावी म्हणून.