आमचा रहस्यपट

दुसऱ्याला भिवविण्याची हौस मनुष्याला फार लहानपणीं लागते. दाराआड दडून बसलेलें मूल 'भो' करून आईच्या अंगावर धांवून येतें, आणि आईही बिचारी दचकल्याचें सोंग करते. पुढें मूल मोठें होतें, आई दचकेनाशी होते, आणि मग ही हौस भागवावयास कांहीं मोठी युक्ति शोधावी लागते. आम्हीं ती १९९४ सालीं शोधली. त्या वर्षीं, पुण्यांत महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्गांत असतांना, आम्हीं वीस मिनिटांचा एक रहस्यपट काढला. (वाचकांनीं या 'आम्ही'चा गैरसमज करून घेऊं नये. लेखकमंडळी स्वतःस आम्ही म्हणवून घेतात, त्यांतला हा प्रकार नव्हे. आम्ही खरोखरच चौघे होतों, आणि त्या चित्रपटाचें अपश्रेय एकट्या-दुकट्याला पेलण्यासारखें नव्हतें.)

या उद्योगासाठीं आमची तयारी काय होती म्हणाल, तर घरोघरच्या कपाटांतले बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय आम्हीं पाठ केले होते. राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग' आम्हीं पाहिला होता, आणि त्यावरूनच दोन वर्षांनीं हिंदींत 'मेरा साया' निघाला ही माहिती भेटेल त्याला सांगण्याचा आम्हांला नाद होता. शिवाय आमच्या रोजच्या वाटेवर, लॉ कॉलेज रस्त्याला, प्रभात कंपनीचें जुनें आवार होतें. १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या त्या कंपनीच्या जागेंत १९६० पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था आहे. तिच्या फाटकाच्या आंत आम्ही कधीं गेलों नव्हतों. परंतु फाटकावरून रोज सायकलीनें गेल्यानेंही थोडीफार विद्या अंगाला लागतच असेल, अशी आमची समजूत होती.

कथानक असें होतें. पेठेंतल्या एका जुन्या वाड्यांत एक परगांवचा विद्यार्थी खोली घेऊन राहतो. रोज रात्रीं त्याच्या दाराच्या फटींतून एक चिठ्ठी आंत सरकते. पहिलींत 'अजून पांच दिवस', दुसरींत 'अजून चार'. शेजारच्या खोलींत एक हंसतमुख गृहस्थ असतो. तो विद्यार्थ्याला वेळोवेळीं चहा आणून देतो, धीर देतो, आणि शेवटीं अर्थातच तोच खुनी निघतो. हें रहस्य अखेरच्या मिनिटापर्यंत कोणाच्या स्वप्नांतही येऊं नये म्हणून आम्हीं त्या गृहस्थाला जितकें हंसवतां येईल तितकें हंसविलें.

योजना मात्र आम्हीं मनापासून केली. एका दोनशे पानी वहींत प्रत्येक दृश्याचें चौकटींत चित्र काढलें. चित्रकला चौघांपैकीं कोणालाच येत नसल्यामुळें त्या वहींत खुनी कोणता आणि वाड्याचा खांब कोणता हें खालीं लिहावें लागे. कॅमेरा एका लग्नाचें चित्रण करणाऱ्या गृहस्थांकडून मिळाला. ऐन लग्नसराईंत त्यांनीं आम्हांला दुकानाच्या पायरीवरही उभें केलें नसतें. पण पौषांत लग्नें नसतात, आणि त्या वर्षीं संक्रांतीच्या आदल्या दिवसांतच पौष लागला होता. तेवढा महिना तो कॅमेरा रिकामाच पडून राहावयाचा. भाड्याच्या बदल्यांत आम्हीं वैशाखांत त्यांच्यामागून मांडवामांडवांतून दिवे धरून हिंडावें, असा करार झाला. तो आम्हीं पाळला, आणि त्या उन्हाळ्यांत जेवलेल्या जिलब्यांची गोष्ट निराळीच आहे.

वाडा आमच्यापैकीं एकाच्याच घरचा होता. दुमजली, मध्यें चौक, चौकांत कोरडा हौद, आणि मोठ्या दरवाजाला एक दिंडी. तो पाडून तेथें सदनिका बांधण्याचें ठरून गेलें होतें. त्यामुळें भिंतींना खिळे ठोकण्यास कोणी हरकत घेतली नाहीं. हरकत घेतली ती विजेनें. हॅलोजनचे दोन दिवे एकदम लावले कीं वाड्याचा फ्यूज उडे आणि माजघरांतून काकूंचा आवाज येई. एकच दिवा लावावा, तर त्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याला अंधार मानवत नसे. जेथें काळोख दिसावयाचा तेथें पडद्यावर करड्या मुंग्यांचें वारूळ फुटल्यासारखें दिसे. चित्रपटांतला अंधार हा भरपूर उजेडांतून नेमका वगळून काढावा लागतो, ही गोष्ट आम्हांला त्या महिन्यांत समजली. पार्श्वसंगीतासाठीं पेटीवाला परवडेना, तेव्हां शांतारामबापूंनीं १९३७ च्या 'कुंकू'त पार्श्वसंगीत न घेतां घरांतले आणि रस्त्यावरचे स्वाभाविक आवाजच वापरले होते, हें आम्हीं एकमेकांस सांगितलें. गरिबीला परंपरेचा आधार सांपडला कीं ती तितकीशी बोंचत नाहीं.

पाठलागाचें दृश्य मागच्या बोळांत घेतलें. विद्यार्थी पुढें पळतो, घोंगडी पांघरलेला खुनी मागून येतो. विद्यार्थ्याचें पळणें बोळाच्या एका बाजूनें टिपलें. मग त्या बाजूला कोणी तरी स्कूटर आणून लावली, म्हणून खुन्याचें पळणें समोरच्या बाजूनें टिपलें. बोळ तोच, दिशा तीच. आम्हांला त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. परंतु पडद्यावर विद्यार्थी डावीकडून उजवीकडे पळे आणि खुनी उजवीकडून डावीकडे. दोन जुने स्नेही पुष्कळ वर्षांनीं एकमेकांस कडकडून भेटावयास निघाले आहेत, असें तें दिसे. धांवणाऱ्या दोघांमध्यें एक रेघ कल्पावी आणि कॅमेऱ्यानें ती ओलांडूं नये, हा या धंद्यांतला बाराखडीचा नियम. फाटकावरून सायकलीनें गेल्यानें तो समजत नाहीं.

आतां त्या रात्रीची हकीकत सांगितली पाहिजे. विद्यार्थी मध्यरात्रीं दिंडींतून आंत येतो, एवढेंच चित्रण उरलें होतें. कॅमेरा ओसरीवर ठेवला होता, दिवा खांबाआड भिंतीकडे तोंड करून लावला होता, आणि कॅमेरा नुकताच सुरू केला होता. इतक्यांत जिन्यावरून आजी उतरल्या. आमच्या मित्राच्या या आजींचें वय ऐंशीच्या पुढें होतें, आणि अलीकडे त्यांची स्मृति मागेंपुढें होऊं लागली होती. आजोबा एका छापखान्यांत जुळारी होते. रात्रपाळी संपवून ते साडेबाराच्या सुमारास घरीं येत, आणि आजी दिंडी उघडून देत. आजोबांना जाऊन अकरा वर्षें झालीं होतीं. आजी भिंतीला हात लावीत लावीत दिंडीपाशीं गेल्या, आगळीवर हात ठेवला, कान दाराकडे केला आणि हळूच म्हणाल्या, "आलात का?"

आम्ही श्वास धरून उभे होतों. आजींनीं पुन्हां विचारलें, "आलात का?" तेव्हां अंधारांतून आमच्यापैकीं कोणी तरी, त्यांना परत पाठविण्यासाठीं, आवाज जाड करून म्हणालें, "हो, आलों." आजी म्हणाल्या, "मग हातपाय धुवा, पान वाढतें." आणि आगळ तशीच ठेवून त्या जिन्यानें वर निघून गेल्या. त्या गेल्यावर आम्ही तोंडावर हात दाबून हंसलों. हें येथें लिहिलें नसतें तरी चाललें असतें. पण तें घडलें होतें.

संकलन म्हणजे त्या काळीं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हवे तेवढे तुकडे उतरवून घेणें. त्या चित्रकार गृहस्थांच्या दुकानांत, रात्रीं दुकान बंद झाल्यावर, आम्ही तें करीत होतों. आजींचा तुकडा सहज म्हणून लावून पाहिला आणि चौघेही गप्प झालों. तो ठेवावयाचा हें न बोलतां ठरलें. फक्त 'हो, आलों' काढलें, आणि पान वाढण्याचें वाक्यही काढलें. दुसऱ्या 'आलात का?' नंतर दाराला कान लावलेल्या आजी चार सेकंद तशाच राहतात, आणि लगेच बोळांतून येणारीं घोंगडीवाल्याचीं पावलें दिसतात. उत्तर नाहींसें केल्याबरोबर त्या प्रश्नाचें काय झालें, हें सांगतां येत नाहीं. तो पाहून आमच्याच अंगावर कांटा आला.

महाविद्यालयांतल्या एका वर्गांत, वीस इंची दूरदर्शन संचावर, आम्हीं चित्रपट दाखविला. मित्र, त्यांचीं भावंडें, आईवडील मिळून चाळीसेक मंडळी होती. आम्ही भिंतीला टेकून पडद्याकडे न पाहतां लोकांच्या तोंडांकडे पाहत होतों. चित्रपट करणाऱ्याला याहून निर्दय परीक्षा नाहीं. चिठ्ठ्यांच्या वेळीं कोणी खोकलें, कोणी घड्याळ पाहिलें. पाठलागाला सर्व वर्ग खदखदून हंसला. आजी दिसल्या तेव्हां मात्र बांकांची कुरकुर एकदम थांबली. एका लहान मुलीनें आईच्या पदरांत तोंड लपविलें.

शेवटीं प्रत्येकाला प्रश्न छापलेली चिठ्ठी दिली होती. खुनी कोण हें केव्हां कळलें, या प्रश्नाला बहुतेकांनीं 'पहिला चहा आणला तेव्हां' असें उत्तर दिलें होतें. इतका वेळ विनाकारण हंसणारा मनुष्य पेठेंत राहत नाहीं, अशी एकानें पुस्ती जोडली होती. सर्वांत भीति कशाची वाटली, याला जवळजवळ एकच उत्तर होतें: म्हातारीची. एका चिठ्ठींत 'त्या वृद्धेचें काम कोणीं केलें? फार स्वाभाविक' असेंही लिहिलें होतें.

फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकानें १९६२ सालीं हिचकॉकची दीर्घ मुलाखत घेतली. ती पुढें ग्रंथरूपानें निघाली. तींत हिचकॉकनें टेबलाखालच्या बाँबचें उदाहरण दिलें आहे. दोन माणसें गप्पा मारीत बसलीं आहेत आणि एकाएकीं टेबलाखालीं स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकेल. पण बाँब आहे हें त्याला आधीं कळलें असेल, तर त्याच रिकाम्या गप्पा तो पंधरा मिनिटें जीव मुठींत धरून ऐकेल. हें आम्हीं चित्रपट काढल्यानंतर वाचलें. चहावाला खुनी आहे हें आरंभींच सांगून टाकलें असतें, तर प्रत्येक कपाबरोबर लोकांच्या घशाला कोरड पडली असती. आम्हीं गुपित जपण्यांतच सारी शक्ति वेंचली. हिचकॉकचें म्हणणें आम्हांला पटतें. पण आजींना तें लागू पडत नाहीं. त्या कोणाची वाट पाहत आहेत हें वर्गांत कोणालाच ठाऊक नव्हतें, आणि म्हणूनच सगळे भ्याले. ज्यांना ठाऊक होतें असे आमच्याखेरीज दोघेच त्या वर्गांत होते, मित्राचे आईवडील; ते भ्याले नाहींत.

काकांनीं चिठ्ठी कोरीच परत केली. जिना उतरतांना थांबले आणि म्हणाले, "तेवढा तुकडा काढून टाका रे." रागावले नाहींत, कारण सांगितलें नाहीं. काकू पुढें निघून गेल्या होत्या.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. तो तुकडा काढला तर आमच्या चित्रपटांत उरतें काय, हें चाळीस चिठ्ठ्यांनीं आम्हांला लिहून दिलें होतें. आमच्यापैकीं तिघांनीं त्या संध्याकाळीं पुष्कळ वाद केला. कला, सत्य, स्वातंत्र्य, असे मोठमोठे शब्द त्या दुकानाच्या मागच्या खोलींत बोलले गेले. काका कांहीं स्पर्धेला येणार नाहींत, असेंही एक वाक्य बोललें गेलें. चौथा, आजींचा नातू, कांहींच बोलला नाहीं. आमचा वाद रंगांत आला असतां त्यानें उठून टेप यंत्रांत घातली आणि त्या जागीं बोळाचें चित्र उतरवून टाकलें. स्पर्धेंत परीक्षकांनीं आमच्या चित्रपटाविषयीं एक ओळ लिहिली: 'प्रयत्न प्रामाणिक, परंतु भीति निर्माण होत नाहीं.'

वाडा पडला. आजी २००३ सालीं गेल्या. २०११ सालीं एके दिवशीं काकांनीं मुलाजवळ विचारलें कीं, त्या वेळची मूळ टेप कोणाकडे आहे काय. आजींचीं छायाचित्रें पुष्कळ होतीं; आवाज कोठेंच नव्हता, आणि वाड्याची दिंडीही दुसऱ्या कशांत नव्हती. टेप आमच्यापैकीं एकाच्या माळ्यावर निघाली, तिच्या कडेला पांढरी बुरशी आलेली. ती चालविणारें यंत्र जुन्या बाजारांत दोन रविवार हिंडून मिळविलें. काकांच्या सदनिकेंत आम्ही चौघे जमलों. चित्रावरून रेघा धांवत होत्या, परंतु दिंडी ओळखूं येत होती. आजी आल्या, आगळीवर हात ठेवला, दोनदां विचारलें. मग तें 'हो, आलों' ऐकूं आलें, जें काकांनीं पूर्वीं कधींच ऐकलें नव्हतें. आणि त्यामागून पान वाढण्याचें.

काकांनीं कळ दाबून टेप मागें फिरविली आणि पुन्हां लावली. तिसऱ्यांदा लावली. मग आमच्याकडे न पाहतां त्यांनीं विचारलें, "हा कुणाचा रे आवाज?"

आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. सतरा वर्षांनीं त्या जाड केलेल्या आवाजांत प्रत्येकाला दुसराच कोणी तरी ऐकूं येत होता.