लवणासुराची खाण

आमचे जाफराबाद केळना आणि पूर्णा या नद्यांच्या काठचे गाव. पाहुणा आला की त्याला संगम दाखवावा, जुन्या तटबंदीच्या खुणा दाखवाव्या आणि चहा पाजून वाटेला लावावे, एवढाच आमचा पाहुणचार. इथे खाणबिण आहे का, असे मात्र कोणी विचारीत नाही आणि ते बरेच आहे. सारा मुलूख काळ्या कातळाचा. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला. घरे बांधायला दगड हवा तेवढा निघतो. सोने, तांबे, कोळसा यांचे नाव नको.

"या काळ्या दगडात एक खाण मात्र होती," आमच्या महाविद्यालयात भूगोल शिकवणारे स्नेही एकदा म्हणाले, "आणि तिचा खड्डा माणसाने खणलेला नाही."

ते लोणारविषयी बोलत होते. गेल्या माघात आम्ही दोघे निघालो. देऊळगाव राजा, पुढे जिजाऊंचे सिंदखेड राजा, आणि मग उन्हात करपलेल्या माळांमधून बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. वाटेवरचे काही सांगत बसत नाही, एस. टी.ने आमची हाडे मोजून घेतली एवढे पुरे.

लोणारला बहुतेक मंडळी काठावरून सरोवर पाहतात, फोटो काढतात आणि दैत्यसूदनाचे देऊळ पाहून परततात. आम्हाला तळाशी जायचे होते. धारेच्या देवळापाशी गोड्या पाण्याची धार बारमाही पडते; तिथून खाली उतरलो. सोबतीला गावातलेच एक म्हातारबुवा घेतले होते. त्यांना सगळे 'मामा' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

"मास्तर, दमानं उतरा. खडी सरकती हितली," मामांनी पहिल्याच वळणावर बजावले.

खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. कडेला कातळाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, जणू जमिनीला आतून कोणी ठोसा मारला आहे. प्रत्यक्षात ठोसा वरून बसला. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने लोणारची तुलना ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या खड्ड्याशी केली होती. पण आघाताने काचेसारखे झालेले खनिज इथे सापडले आणि ही अशनीचीच करणी असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला तो १९७३ साली. वयाबद्दल अजून एकमत नाही. एक मोजणी बावन्न हजार वर्षे म्हणते, दुसरी पावणेसहा लाखांच्या घरात जाते. लग्नाच्या बाजारातसुद्धा वयाचा एवढा फरक खपत नाही.

रामगया मागे टाकून आम्ही झाडीत शिरलो. काटेरी बाभळी, सीताफळी, मध्येच वानरांची टोळी आणि कुठेतरी मोराची हाक. वारा थांबला. पाऊलवाट सपाट झाली तसा कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि कमळजा देवीच्या देवळापुढे हिरवट पाणी दिसले. काठावर पांढरा पापुद्रा होता. पाय पडला की कुरकुरत होता.

हीच ती खाण. इथे बोगदा नाही, चिमणी नाही, गंजलेले चाकसुद्धा आमच्या दृष्टीस पडले नाही. झरे आणि पाऊस कातळातले क्षार विरघळवून आत आणतात, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, आणि उन्हाळा त्याला आटवत राहतो. राहतो तो खार. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले आहे की, काच आणि साबण करायला लागणारे द्रव्य इथे मिळते आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या पापडखाराचेच हे आडदांड भावंड.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की माणसे त्यात शिरत आणि तळावर बसलेला थर उचलून काठावर आणीत. जुन्या नोंदींत खाराच्या जाती दिल्या आहेत: डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी. मी भाषेचा माणूस. मला खारापेक्षा या शब्दांची चव अधिक. 'खप्पल' ऐकताच मला खपली आठवते. व्युत्पत्तीचा आग्रह नाही. लवणासुराचे मांस म्हणजे हा खार, अशी कथा आहे, आणि मीठ, चुना करणाऱ्या लोकांना आपण लोणारी म्हणतोच. गावाचे नाव, दैत्याचे नाव आणि जातीचे नाव, तिन्हींच्या मुळाशी मीठ आहे. पाण्यात उतरणाऱ्या एकाही माणसाचे नाव मात्र मला कुठल्या कागदावर आढळले नाही.

"आमचा आजा काढायचा खार," मामा सहज म्हणाले. "पायाला भेगा पडायच्या त्याच्या. रातच्याला आजी तेल चोळायची."

मी वही काढली. मामांना पापडी आणि भुसकी ठाऊक होती. बाकीची दोन नावे मी वाचली तेव्हा त्यांनी ती हळूच म्हणून पाहिली.

हा धंदा बुडाला तो खार संपला म्हणून नव्हे. १८६० नंतर बेल्जममध्ये सोल्व्हेने मीठ आणि चुनखडीपासून सोडा करण्याची स्वस्त रीत बसवली, आणि पुढे १९३९ साली सौराष्ट्रात मिठापूरला टाटांचा कारखाना उभा राहिला. पोत्यातून स्वच्छ, एकसारखा सोडा मिळू लागल्यावर तळ्यात कोण शिरणार? आता तर हे अभयारण्य आहे. २०२० पासून रामसर यादीतही आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या जगाचे कॅमेरे इकडे वळले होते. खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती किमया, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितले.

देवळाच्या पायरीवर बसून स्नेह्यांनी ॲरिझोनाची गोष्ट काढली. तिथे १९०३ साली बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने खड्ड्याखाली लोखंडाचा प्रचंड गोळा पुरलेला आहे असे धरून कंपनी काढली. सव्वीस वर्षे खणले, भोके पाडली, पैसा ओतला. १९२९ साली गणिताने सांगितले की, धडकेच्या उष्णतेत बहुतेक लोखंडाची वाफ होऊन गेली. त्याच वर्षी बॅरिंजर वारला. त्याची विहीर अजून तळाशी आहे. ती काठावरूनच पाहायची, पर्यटकाला खाली उतरू देत नाहीत.

"म्हंजी त्याला काय बी गावलं नाही?" मामांनी विचारले.

"काही नाही. पण खड्डा आभाळातून झाला हे त्याचे म्हणणे मात्र खरे ठरले."

मामा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या आजाला खार गावला. खड्डा कुठनं आला, ते त्याला कोणी इचारलंच नाही."

ऊन चढले होते. परतीची वाट उतरण्यापेक्षा बरी, कारण खडी पायाखाली सरकली तरी माणूस पुढे वाकलेला असतो. तीनदा बसत आम्ही वर पोचलो. धारेखाली ओंजळ धरली. पाणी गार आणि गोड होते. मामांनी आधी पाय धुतले आणि मग वहीतले ते पान मागून घेतले. मी चारही नावे मोठ्या अक्षरात लिहून दिली.