एवढीशी कळ

गेल्या जुलैतील गोष्ट. रात्रभर दिल्लीत पाऊस कोसळून सकाळी नुकतीच उघडीप झाली होती. सौभाग्यवतीची शिक्षक-पात्रतेची परीक्षा. केंद्राचे दार साडेनवाला बंद होणार, आणि आमची मोटारसायकल मात्र चालू होण्याचे नाव घेईना.

दिवा लख्ख, हॉर्न खणखणीत. पण स्टार्टरचे बटण दाबावे तर आत साधी टिकसुद्धा नाही. माझा संशय अर्थातच बॅटरीवर. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून मी पळत ढकलली. मागून परीक्षार्थीही लोटत होती. इंजिन घरघरले, पेटले मात्र नाही.

"अहो, जरा कळ काढा. मी रिक्षाने जाते," असे म्हणून ती निघून गेली. ती वेळेत पोचली की नाही, हे दुपारपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता. मागे राहिलो मी आणि ती मुकी गाडी.

मग शांतपणे विचार केला. बटण दाबताना दिवा किंचितही मंद होत नव्हता. म्हणजे वीज स्टार्टरपर्यंत जातच नव्हती. ढकलूनही पेटत नाही, म्हणजे ठिणगीही नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी अडत असाव्यात. बाजूचा स्टँड वर होता, न्यूट्रलचा हिरवा दिवाही लागत होता. उरली उजव्या मुठीजवळची, इंजिन तत्काळ बंद करणारी लाल कळ. (कळ म्हणजे वेदना, आणि कळ म्हणजे बटणही, मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले, ते त्या सकाळी फार पटले.)

ती वीस-पंचवीस वेळा मागेपुढे केली, तेव्हा एकदाच स्टार्टर कण्हला. चोर सापडला! किल्ली काढून घेतली, दोन स्क्रू सोडवून डबी उघडली. आत पाणी शिरून तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. एक चिमुकली स्प्रिंग टुणकन उडाली, ती तुळशीच्या कुंडीत सापडली. पट्ट्या पुसून, कोरड्या करून जोडल्या आणि इंजिन पहिल्याच दाबात सुरू झाले.

येणाऱ्याजाणाऱ्या एका मिस्त्रीने मघाशी सुचविले होते, की कळ वगळून दोन्ही तारा थेट जोडून टाका, पुन्हा कटकट नको. गाडी तशीही धावली असती. परंतु गाडी घसरली किंवा ॲक्सिलरेटर अडकला, तर अंगठ्याच्या एका हालचालीने इंजिन थांबविण्याची सोय कायमची गेली असती. मागे माणूस बसणार आहे, हे अशा सल्ल्यात कुणी मोजत नाही.

बारा वाजता केंद्राच्या दाराशी उभा राहिलो. ती बाहेर आली, थकलेली. "चार मिनिटे राखून पोचले. पण पहिला अर्धा तास छाती धडधडण्यातच गेला."

मी लाल कळ दाखविली. तिने ती स्वतः एकदा बंद-चालू करून पाहिली, आणि मग मागे बसली.