म्या कुठं हाय ह्याच्यात?

जिंतूरहून मंठ्याकडे एस.टी.नं निघालात, की वाटेत देवगाव फाटा लागतो. सेलूचा रस्ता इथंच येऊन मिळतो. आमचं हॉटेल याच फाट्यावर होतं. हॉटेल म्हणजे काय, तर वर चार पत्रे अन् खाली दोन बाकडी! पहाटे पाचला माय स्टो पेटवायची. भज्यांचे घाणे तीच काढायची, उधारीचा हिशेबही तिच्याच डोक्यात. वडील शेतात जायचे.

मी नववीत असताना वर्गात गोष्ट लिहायला सांगितली. मी फाटा लिहिला, गाड्या लिहिल्या आणि कढईपुढं वडिलांना बसवलं. माय घरी भाकरी थापून त्यांची वाट बघत होती! दहापैकी नऊ गुण मिळाले. मी ऐटीत मायला वाचून दाखवलं. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी माय भजी तळता तळता ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "चांगलं लिव्हलंस बाई. पण म्या कुठं हाय ह्याच्यात?"

मला बोलताच येईना. खरं सांगू? मला लाज वाटायची. गिऱ्हाइकं मायला काहीबाही बोलायची, वर्गातली पोरं ते ऐकायची. म्हणून मी तिला गोष्टीतून घरी पाठवून दिलं होतं.

पुढे कॉलेजात उर्मिला पवारांची 'कवच' ही कथा हाती आली. तिच्यातली आई बाजारात आंबे विकते. गिऱ्हाइकं वेडंवाकडं बोलतात, शाळकरी मुलगा शरमून जातो. आई मात्र डगमगत नाही, जशास तसं उत्तर देते. कथा कोकणातली, पण बाई माझ्या ओळखीची! मी वाचून रडले.

ही बाई गोष्टीत काही एका दिवसात आली नाही बरं का. काशीबाई कानिटकर १८६१ साली जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झालं, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि मग स्वतःच कथा लिहू लागल्या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघालं. शिकलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड मांडलं होतं. केवढा गहजब उडाला! लेखिकेचं नाव छापलं होतं 'विभावरी शिरूरकर'. खऱ्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. बघा, गोष्टीतली बाई बोलू लागली, तेव्हा लिहिणारीला लपावं लागलं. उर्मिलाताईंनी मात्र स्वतःच्या नावानं लिहिलं.

'आमच्या खेड्यातल्या गोष्टी कोण वाचणार?' असंही म्हणू नका. आमच्याच सेलू तालुक्यातले आसाराम लोमटे. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात खेड्यातलीच माणसं आहेत.

तर आता एक काम करा. पुढची गोष्ट वाचाल तेव्हा तिच्यातल्या बाईकडे नीट बघा. ती नुसती वाट बघते, की स्वतः काही ठरवते?

मी माझी गोष्ट पुन्हा लिहिली. या खेपेला कढईपुढं माय होती. तिला वाचून दाखवली, तर हसून म्हणाली, "आन् उधारी? ती लिव्हली का न्हाई?"

तेवढी राहिलीच होती! तुमच्या गोष्टीत कोण राहून गेलंय, बघाल ना?