लाटांनी रचलेली बेटं

मे महिना सरत आला की आपल्याकडे घरोघरी एकच चौकशी सुरू होते: पाऊस कुठवर आला? हवामान खातं चौदा केंद्रांवरचा पाऊस बघतं. १० मे नंतर त्यांतल्या साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला, वारे आणि ढग जुळून आले, की मोसमी पाऊस केरळात दाखल झाल्याचं जाहीर होतं. या चौदांपैकी दोन केंद्रं मुख्य भूमीवर नाहीतच, ती भर अरबी समुद्रात आहेत. मिनिकॉय आणि अमिनी. लक्षद्वीपातली बेटं. विदर्भातला शेतकरी ज्या बातमीकडे डोळे लावून बसतो, तिच्यातले पहिले थेंब या बेटांवर मोजलेले असतात.

आपल्यासाठी ती सुखवार्ता असते. तिथं मात्र त्याच वाऱ्यानं घराबाहेरच्या वाटा बंद व्हायला लागतात.

लक्षद्वीपात माणसांची वस्ती असलेली बेटं दहा. सगळी जमीन एकत्र केली तरी बत्तीस चौरस किलोमीटर, आणि तीही समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या घरात होती. कवरत्ती हे राजधानीचं बेट, पण एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर चालत जायला वीस मिनिटं पुरतात. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बेपूर आणि मंगळूरहून माल आणणारी लाकडी गलबतं बंद होतात. मोठी जहाजं चालू राहतात, पण वेळापत्रक वाऱ्याच्या हाती. म्हणून तांदूळ, साखर, डिझेल आधीच भरून ठेवायचं. कोकणात आगोटीची बेगमी म्हणजे काय हे ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की कोकणातल्या माणसाला अडल्यानडल्या वेळी घाट चढून जाता येतं.

मी तिथं गेलो ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात, समुद्र अजून जरा ऐकण्यात असताना. तरी कोचीहून निघालेलं जहाज रात्रभर डोलत होतं. सकाळी बेट दिसलं आणि जहाज बाहेरच थांबलं. प्रवाळाच्या भिंतीमुळे ते आत जाऊ शकत नाही. मग बेटावरून होड्या येतात, जहाजाच्या अंगाला लागतात आणि कुशीतलं एक दार उघडतं. त्या दारात उभं राहिल्यावर खालची होडी एकदा आपल्या पावलांशी येते आणि पुढच्याच क्षणी पुरुषभर खोल जाते. दोन्ही दंडांना धरून दोन खलाशी उभे असतात. ते लाटेकडे बघत असतात, आपल्याकडे नाही. होडी वर आली की "चला" म्हणतात आणि आपण गेलेले असतो. माझ्या पुढं एक बाई होती, तिचं तान्हं बाळ आधी हातोहात खाली गेलं, मग ती. बाळ झोपेतच होतं. त्यानंतर कांद्याची पोती, अंड्यांचे ट्रे, एक शिलाई मशीन. मेच्या सुरुवातीला हे असं, तर जुलैत काय होत असेल! आणि ज्या दिवशी वारा फार असतो त्या दिवशी हेलिकॉप्टरही उडत नाही. कोचीला न्यायचा रुग्ण मग वारा पडायची वाट बघत राहतो.

तिथला पाऊस आपल्या पावसासारखा नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, इथं त्याच्या निम्म्याच्या आसपास. कारण साधं आहे: वाऱ्याला अडवून वर चढवायला इथं सह्याद्री नाही. ढग येतात, एक जोरकस सर देतात आणि पुढं निघून जातात. आपल्या वाट्याला येतात त्या झडी, त्यांच्या वाट्याला येतो तो मुख्यतः वारा. सर येताना आधी दिसते, मग ऐकू येते. प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ लगूनचं हिरवट निळं पाणी दूरच्या कडेपासून पाटीसारखं काळपट होत येतं, माडांच्या सगळ्या झावळ्या एकाच दिशेला ताणल्या जातात, आणि पाऊस अंगावर यायच्या आधी वाऱ्यातून आलेलं खारट पाणी तोंडावर बसतं. घराघरांत तेवढ्यात एक लगबग होते. छपराच्या पन्हळीखाली टाकी असते, तिचं झाकण सरकवायचं असतं. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी वाळूखालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगत असतं आणि विहिरीत तेच येतं. उपसा जास्त झाला की खालून खारं वर येतं. म्हणून प्रत्येक सर साठवायची.

या सगळ्यात समुद्र काही मित्र वाटत नाही. पण बेटं नीट पाहिली की दुसरी गोष्ट लक्षात येते, आणि मला सांगायचं आहे ते हेच. ही जमीन खवळलेल्या समुद्रानंच बनवलेली आहे.

इथं ना ज्वालामुखीचा काळा दगड दिसतो, ना डोंगराची माती. जे काही पायाखाली आहे ते प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा आणि पांढरी वाळू. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून टाकतो. लाटा प्रवाळ फोडतात, भिंतीवरून आत लोटतात आणि रचत जातात. पावसाळी लाटा येतात पश्चिमेकडून, त्यामुळे बहुतेक बेटं प्रवाळाच्या गोल कड्याच्या पूर्व बाजूला साचली आहेत आणि लगून पश्चिमेला राहिलंय. नकाशात बघा, जवळजवळ सगळी बेटं उत्तर-दक्षिण लांबट पडलेली दिसतील; पूर्व-पश्चिम पसरलेलं आंद्रोत तेवढं अपवाद.

कल्पेनी बेटाच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर तर समुद्र जमीन रचतो याचा पुरावाच पडलाय. प्रवाळाच्या धोंड्यांचा प्रचंड बांध तिथं लांबवर गेला आहे. १८४७ च्या वादळात समुद्रानं तो एका झपाट्यात वर टाकला असं मानतात. मी त्यातला एक धोंडा जवळून पाहिला. करडा, खरबरीत, आणि त्यावर एकेकाळी जिवंत असलेल्या प्रवाळाच्या चांदण्या अजून स्वच्छ उमटलेल्या. बोट फिरवलं तर प्रत्येक चांदणीची कड लागते. त्याच वादळानं कल्पेनी आणि आंद्रोतची वाताहत केली, माणसं गेली, माड गेले, मागून उपासमार आली. मदतीसाठी ईस्ट इंडिया कंपनीनं कण्णूरच्या राजघराण्याला कर्ज दिलं, ते फिटेना, आणि पुढं बेटांचा कारभारच इंग्रजांकडे गेला. एका वादळानं किनाऱ्यावर बांध घातला आणि सत्ताही फिरवली.

तेव्हा वादळ इथं नवं नाही. नवं हे आहे की वादळ झेलणारी भिंत आजारी आहे.

प्रवाळाची भिंत लाटेचा जोर किती मोडते, याची जगभरातली मोजमापं एकत्र करून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी आकडा निघाला ९७ टक्के. बाहेर दर्या गर्जत असताना लगूनमध्ये पोरं पोहतात ती या आकड्याच्या भरवशावर. ही भिंत जिवंत आहे, म्हणून झिजली तरी पुन्हा वाढते. पण समुद्र नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि बरंचसं मरतं. लक्षद्वीपात हे १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा. अशा तडाख्यातून भिंत सावरायला दहाएक वर्षं लागतात. पहिल्यांदा तिला बारा वर्षं मिळाली, नंतर सहा, नंतर आठ. मेलेलं प्रवाळ लाटा पूर्वीसारखंच फोडतात, पण त्या जागी नवं येत नाही. घेणं चालू, देणं बंद. बंगाराम कड्यावरचं परळी हे छोटं निर्मनुष्य बेट होतं, त्याचा एक तुकडा झिजत झिजत पाण्याखाली गेला.

किनाऱ्यावर सिमेंटचे चौपायी ठोकळे रचलेत. घरासमोरची दोन माडांची रांग वाचवायला ते हवेत, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण ठोकळा वाढत नाही. तो खचला की जहाजानं दुसरा आणावा लागतो, आणि जहाज कसं येतं ते वर सांगितलंच.

हे दूरच्या लोकांचं दुखणं नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ मिनिकॉय, कल्पेनी झोडपून उत्तरेला सरकलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या होड्या आसरा शोधत थेट आपल्या देवगड बंदरात येऊन लागल्या होत्या. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ लक्षद्वीपाजवळच आकाराला आलं आणि तिथून कोकण, मुंबई ढवळत गुजरातकडे गेलं. दर्या एकच आहे. मुंबईत खिडक्यांची तावदानं थरथरायच्या दोन-तीन दिवस आधी त्याच वाऱ्यानं या बेटांवरचे माड आडवे केलेले असतात. आपल्या बातम्यांत मात्र ती बेटं 'लक्षद्वीप परिसरात मच्छीमारांनी जाऊ नये' एवढ्या एका ओळीत संपतात. ज्यांचं घरच त्या परिसरात आहे, त्यांनी कुठं जायचं?

अलीकडे लक्षद्वीपला जाण्याची इच्छा पुष्कळांना झाली आहे. जरूर जा, परवाना काढून जा, बेटं बघण्यासारखीच आहेत. तिथल्या पाण्याचा जपून वापर करा, ते पावसानं भरलेल्या टाकीतलं असू शकतं. लगूनमध्ये उतरलात तर प्रवाळावर उभे राहू नका, त्याचा तुकडाही उचलून आणू नका, आणि होडीवाल्याला नांगर वाळूतच टाकायला सांगा.