उपवासाचें धान्य

एकादशी आली कीं नाशिकच्या घरोघरीं भगर शिजते. भगर म्हणजे सडलेली वरई. आणि वरई पिकते ती पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील डोंगरउतारांवर. जें खाऊन आपण उपवास केला असें समजतों, तेंच कोकणा, वारली व महादेव कोळी यांच्या घरीं जेवण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलें आहे. आम्हां पांढरपेशांना यांतला विनोद सहसा जाणवत नाहीं.

वरईची थोरली बहीण नागली. उन्हाळ्याअखेर पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, त्यांत रोपें करावयाचीं, आणि पाऊस स्थिरावला म्हणजे जेथें भात उभें राहणार नाहीं अशा मुरमाड उतारावर त्यांची लावणी करावयाची. कणगींत हें धान्य वर्षानुवर्षें टिकतें, कीड सहसा लागत नाहीं. वाईट सालीं सावकाराचें दार टाळावयास डोंगरांत याहून भरंवशाची ठेव दुसरी नाहीं. वारल्यांची धान्यदेवता कणसरी. तिच्या लेखीं बी ही विकत आणावयाची वस्तूच नव्हे.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष ठरविल्यापासून शहरांत नागलीच्या बिस्किटांना प्रतिष्ठा आली. बरें झालें. परंतु धान्याची स्तुति करणारे पेरणाऱ्याच्या जमिनीची चौकशी करीत नाहींत, हें मला खटकतें. जमीन वनखात्याच्या दप्तरीं असेतों तिला बांध घालण्याची उमेद कोणास यावी? १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली वनजमीन, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, कसणाऱ्यास देण्याचें २००६ च्या कायद्यानें ठरविलें. दावे मात्र पडून राहिले. म्हणून ६ मार्च २०१८ रोजीं हजारों शेतकरी नाशकाहून मुंबईस पायीं निघाले. त्यांत आदिवासी बहुसंख्य होते; कित्येकांचे तळवे सोलून निघाले. तरी दहावीच्या मुलांची परीक्षा आहे म्हणून शहरांतील अखेरचा टप्पा त्यांनीं रात्रींतून चालून काढला. शिक्षकाच्या पेशामुळें म्हणा, मला ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

शेजारच्या अकोले तालुक्यांत, कोंभाळणें गांवीं, राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाण्यांची पेढी उभारली. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. माझ्या वर्गांत सुरगाण्याकडचा एक मुलगा होता. वडिलांच्या नांवें पट्टा झाल्यावर त्यांनीं प्रथम दगडी बांध घातला व जुनी गरवी नागली लावली, असें त्यानें सांगितलें. बी कोठून मिळालें, असें मीं विचारलें.

"मिळालं नाही, सर," तो म्हणाला, "आजीनं ठेवलं होतं."