आपल्या ओळीची वाट

वाचकहो, जुन्या गाण्यांचा विषय निघाला की ‘ते दिवस पुन्हा यावयाचे नाहीत’ असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणतो. परंतु त्या दिवसांत मोलाचे असे काय होते, याचा एकदा शांतपणे विचार करावा असे वाटते.

१९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि सर्व प्रांतांतून माणसे येथे येऊन वसली. आमच्या घराच्या एका भिंतीपलीकडे तेलुगू ऐकू येई, तर दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे चित्रगीत प्रथम दाखविण्यात आले. पुढे ते वरचेवर लागे आणि शेजारपाजार आमच्या खोलीत जमे. पंडित भीमसेन जोशी यांचा स्वर लागताच वडील सावरून बसत. चाल बांधण्यात अशोक पटकी यांचा हात आहे, हे ते प्रत्येकास अभिमानाने सांगत. गीतात चौदा भाषा होत्या. जो तो आपल्या ओळीची वाट पाही, आणि ती आली की इतर सर्वजण त्याच्याकडे वळून हसत.

एके दिवशी दूध घालावयास आलेल्या बाई दारातच थबकून ते गीत शेवटपर्यंत पाहत राहिल्या. कारखान्यासाठी जमिनी दिलेल्या गावांपैकी एक गाव त्यांचे. गीत संपल्यावर त्यांनी आईस विचारले, “हमर बोली कब आही?” आईस उत्तर सुचेना. छत्तीसगढी त्या चौदांत नव्हती. ज्यांच्या भूमीवर आम्ही घरे थाटली, त्यांचीच ओळ नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

त्याच वर्षी श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली. तीत जवळच्याच गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानी गाताना दिसल्या. योगायोगाने त्याच वेळी दूध घालून परतणाऱ्या बाईंना आईने हाक मारली, आत बोलाविले आणि आपल्याशेजारी बसविले. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही सर्वजण मात्र त्यांच्याकडे वळून हसलो.

आज छत्तीसगढी चित्रगीते ज्याच्या त्याच्या फोनवर विपुल आहेत, ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि आपली ओळ आता प्रत्येकजण एकटाच पाहतो. मला आठवण येते ती त्या गीताहून अधिक त्या वळून हसण्याची. वाचकहो, आपल्या दाराशी कोणी आपल्या ओळीची वाट पाहत थांबले आहे काय?